लाल दिव्याची खोली

दार उघडलं, उजेडाची तिरीप आत आली आणि उघड्या फळीवर निघालेला पांढरा उंदीर सुर्रकन आडोशाला पळाला.

एमोकेने मागे पाहिलं. दारात एक उंच तरुण… ओशाळलेला.

“माझी अख्खी सकाळ वाया घालवलीत तुम्ही,” ती हळूच म्हणाली. आवाज चढवायची त्या खोलीत सोय नव्हती.

बुडापेस्टच्या एका औषध कारखान्यात, तिच्या तरुणपणी, मनाची धास्ती कमी करणाऱ्या औषधांची पहिली पारख एमोके करायची. अधिकच्या चिन्हासारखी उंच लाकडी चौकट. दोन फळ्यांना भिंती, दोन उघड्या. धास्तावलेला उंदीर भिंतीआड दडतो, निवांत झालेला उघड्यावर येतो. आणि दारातला हा तरुण, लोरिंट्स – त्या वेळी पारखायला आलेलं औषध त्यानेच तयार केलेलं.

रोज येऊन बसू का, असं त्याने विचारलं. अत्तर नको आणि बोलणं नको, एवढीच तिची अट. तो आला, रोज आला. उंदरांना जेमतेम जाणवणाऱ्या लाल, मंद उजेडात दोघं शेजारी बसत. उंदराने उघड्यावर पाऊल टाकलं की तो श्वास रोखायचा, ती ओठांत हसू दाबायची. साठलेलं बोलणं मग संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर, गरम भाजलेले चेस्टनट सोलता सोलता…

एक दिवस औषध दिलेले उंदीर भराभर उघड्यावर आले. लोरिंट्सने आनंदाने तिचा हात घट्ट धरला. एमोकेने तो सोडवला नाही, पण उंदरांवरची नजरही हलवली नाही. उंदीर आडोशातही तसेच धावत होते.

“भीती गेलेली नाही त्यांची,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “नुसते सैरभैर झालेत.”

“पुन्हा एकदा बघा ना… माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठीच नीट पाहिलंय.”

तिने खरं तेच वर कळवलं. ते औषध बंद झालं. शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. दाराशी जरा खुट्ट झालं की उंदरांआधी तीच दचकायची.

बर्फ पडायला लागलं, तेव्हा तो थांब्यावर दिसला. नाक लाल, हात खिशात.

“अजून राग आहे?” तिने विचारलं.

“आहे. पण औषधावरून नाही…” तो अडखळला. “तुझ्या खोलीत यायला आता निमित्तच उरलं नाही, म्हणून.”

तुझ्या! एमोकेचे कान त्या थंडीतही तापले.

“उंदरांकडे नको येऊस,” ती म्हणाली. “आईकडे ये. रविवारी… जेवायला.”

तो रविवार उजाडायला फार वेळ लागला, असं एमोके अजूनही सांगते. आणि लोरिंट्स शेजारी बसून मान डोलावतो.