पहिल्या पातळीवरचा चंद्र

मालगुंडच्या सड्यावर, त्या सपाट कातळमाळावर, चांद्र-अवतरण प्रशिक्षण केंद्र होतं. त्या दुपारी कुंदा धुळप तिथल्या विश्रांतिकक्षात बसून गेल्या शतकातला एक संगणकीय खेळ खेळत होती. खरं तर तिने वैद्यकीय कक्षात असायला हवं होतं. सकाळीच निवड समितीचं पत्र आलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या चालकालाही आता इतरांप्रमाणे आभासकातल्या, म्हणजे जमिनीवरच्या नकली यानातल्या, अवतरणांत किमान सत्तर टक्के यश हवं. बावन्न वर्षांच्या कुंदाला अडुसष्ट टक्के मिळाले होते. सात वेळा खऱ्याखुऱ्या चंद्रावर यान उतरवलेल्या बाईला आता निवृत्तीपूर्व तपासणीला बोलावलं होतं. ती गेली नाही.

आभासकाची देखभाल करणारा अभियंता फिरोज मुकादम डबा घेऊन आत आला.

"कुंदाताई, परत 'नवखंड'? कितवी खेप ही?"

"अकरावी. आणि बघ काय होतंय ते."

पडद्यावर तिची नायिका सव्विसाव्या पातळीला पोचली होती. अंगात सोन्याचं चिलखत, हातात वज्रखड्ग. आणि गावाबाहेरचा एक साधा लांडगा तिला फाडून खात होता.

"पहिल्या पातळीवर मी याला काठीने लोळवला होता," कुंदा म्हणाली. "राक्षस मारून आले, आणि आता हा मला आवरत नाही!"

फिरोज हसला. "अशा सगळ्या खेळांचं हेच दुखणं. खेळाडू फार मोठा झाला की त्याच्या तोडीचं जनावरच उरत नाही. मग खेळ बनवणारे तोच लांडगा फुगवतात. तुम्ही एक पायरी चढलात की तोही चढतो."

"म्हणजे मी वाढले काय नि न वाढले काय, सारखंच."

"म्हणून तर मुरलेले खेळाडू वर चढतच नाहीत. वाटेतली एकही कामगिरी घ्यायची नाही, पहिल्या पातळीवरच थेट किल्ला गाठायचा. तिथला राक्षसही मग पहिल्याच पातळीचा निघतो. हात तेवढा तयार हवा."

कुंदाने खेळ थांबवला.

"फिरोज, आभासकातला समतोलक हेच करतो ना रे?"

घावनाचा तुकडा फिरोजच्या हातातच राहिला. "समतोलक शिकवण्यासाठी बसवला होता, ताई. शिकाऊ माणूस सारखा जिंकला तर सुस्तावतो, सारखा हरला तर खचतो. दहांपैकी सातदा जिंकणं शिकायला सगळ्यात चांगलं. म्हणून तो माणसाची पातळी पाहून बिघाड वाढवतो, नाहीतर कमी करतो."

"मग पट्टीचा चालकही दहांत तीनदा आपटणार?"

"हो."

"आणि कच्चा?"

"तोही," फिरोज सावकाश म्हणाला.

"मग समिती माझ्या अडुसष्टात आणि माझ्या जागी घेतलेल्या मुलीच्या बहात्तरात बघते तरी काय?"

शिकवण्यासाठी काढलेला आकडा रोज आयता मिळतो म्हणून निवडीलाही वापरू लागले होते, आणि वर्षानुवर्षं कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

दोघांनी कुंदाचं शेवटचं फसलेलं अवतरण उघडलं. ती चाळिसाव्या पातळीवर होती. दोन इंजिनं बंद, उंचीमापक खोटं बोलणारा, आणि त्यात इंधनाची गळती. फिरोजने कागद ओढून आकडेमोड केली, मग पुन्हा एकदा केली.

"ताई, ही गळती होऊच शकत नाही. ज्या नळीतून इंधन गळतंय, तिच्यातून सेकंदाला एवढं इंधन वाहूच शकत नाही. खरे बिघाड संपले, म्हणून यंत्राने खोटा रचलाय."

"फुगवलेला लांडगा," कुंदा म्हणाली आणि उठली. "चल, समितीकडे."

समितीचे अध्यक्ष डॉ. अच्युत राजवाडे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"धुळपबाई, तुमचा त्रागा मी समजू शकतो. पण समतोलक बंद करून चाचणी घेता येत नाही. नियम आहे."

"बंद करू नका. माझी जुनी नोंद मिटवा आणि शिकाऊ म्हणून नवी उघडा. नियमात तेही आहे."

"अठरा वर्षांची नोंद मिटवायची? मग अवतरण-चालक म्हणून तुम्ही कोणीच उरणार नाही."

"सकाळच्या पत्रानंतर तरी काय उरलंय? मिटवा."

राजवाड्यांनी खांदे उडवून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा आभासकात बसली ती कोरी करकरीत शिकाऊ म्हणून. पातळी धड्यांनी वाढते. तिने एकही धडा घेतला नाही, थेट अंतिम अवतरण मागितलं. समतोलकाच्या लेखी ती नवखी होती. त्याने तिच्यापुढे साधा चंद्र ठेवला आणि पूर्वीच्या मोहिमांत खरोखर घडलेले बिघाड. कुंदाने दहा वेळा यान खाली आणलं. दहाही वेळा ते चारही पायांवर उभं राहिलं.

"पहिल्या पातळीवर कोणीही उतरवील," राजवाडे म्हणाले.

"मग बसवा कोणालाही."

दाराशी अल्पना कोरगावकर उभी होती. एकोणतीस वर्षांची, बहात्तर टक्के मिळवून कुंदाच्या जागी निवडलेली. "मी बसते," ती स्वतःहून म्हणाली. तिचीही नवी नोंद उघडली गेली. दहांपैकी सहा यानं उतरली, चार आपटली. अल्पना घामेघूम होऊन बाहेर आली आणि सरळ म्हणाली, "सर, मी अजून तयार नाही. त्या बहात्तरमुळे मला वाटत होतं, आहे."

कुंदा पुढे येऊन म्हणाली, "डॉक्टर, ही पहिली पातळी म्हणजेच खरा चंद्र. समोर कोण आलंय ते पाहून चंद्र अवघड होत नाही. पुढच्या महिन्यात यान उतरायचंय ते तिथे. तुमच्या चाळिसाव्या पातळीवर कुणीच उतरणार नाही."

राजवाड्यांनी मोहिमेच्या यादीवर अल्पनाचं नाव खोडून कुंदाचं लिहिलं. "अभिनंदन," ते म्हणाले, "आणि क्षमा करा."

फिरोज मात्र हसत नव्हता. "सर, आकडा जर सगळ्यांचा सत्तरच्या आसपासच येणार असेल, तर आजवर ज्यांना नाकारलं त्यांचं काय?"

समतोलक बसवल्यापासूनची यादी काढली. त्रेसष्ट नावं होती. पहिलंच नाव निवृत्ती ठोंबरे. सदुसष्ट टक्के. शेरा: 'भरपूर सराव करूनही प्रगती नाही.' खाली सही होती तेव्हाच्या परीक्षकाची, कुंदा धुळपची.

कुंदाला तो आठवला. सिन्नरचा, कमी बोलणारा. "मॅडम, मी जितका शिकतो तितकं हे मशीन माझ्यावर डूख धरतं," असं तो म्हणाला होता. तेव्हा तिने त्याला हसून वाटेला लावलं होतं. नाचता येईना नि अंगण वाकडं म्हणतोयस, असंही वर ऐकवलं होतं.

"माझं नाव खोडा," ती म्हणाली. "त्रेसष्टही जणांना बोलवा. सगळ्यांना पहिल्या पातळीवर बसवा, मग नाव लिहा."

"अहो, मोहीम महिन्यावर आलीय! तुम्हाला जागा मिळालीय, आता हा हट्ट कशाला?"

"काल मी हट्ट केला तो या मोजपट्टीविरुद्ध. आज तिने गाळलेली माणसं समोर नाहीत, याचा फायदा मला होतोय म्हणून गप्प बसू? तुम्ही बोलावत नसाल तर फोन मी करते."

तिने खरंच फोन केले. निम्म्याअधिक जणांनी नकार दिला. काहींनी तिला नको नको ते सुनावलं, तिने ते ऐकून घेतलं. सव्वीस जण आले. निवृत्ती आला तो कामावरच्या कपड्यांत. तो सिन्नरला क्रेन चालवत होता. कुंदाने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "निवृत्ती, तेव्हा चूक माझी होती. तुझं म्हणणं बरोबर होतं." तो मान हलवून आभासकात शिरला.

दहापैकी दहा यानं उतरली. सव्वीस जणांत तो एकटाच कुंदाच्या बरोबरीला आला होता. अशा वेळी नियमाप्रमाणे टाकीतलं उरलेलं इंधन पाहायचं. फिरोजने दोन्ही आकडे पडद्यावर आणले, आणि मोठ्याने वाचायला त्याची जीभ रेटेना.

कुंदानेच वाचले. "माझं नऊ टक्के उरलं. याचं तेरा." ती निवृत्तीकडे वळली. "जागा तुझी."

राजवाडे तिच्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, "याला बोलावलं नसतं तर चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं," कुंदा म्हणाली. मग ती निवृत्तीची दहाही अवतरणं पुन्हा लावून, पडद्याला नाक लावून बघू लागली. "अरे, शेवटच्या शंभर मीटरांत तू इंजिन इतक्या उशिरा कसं पेटवतोस? दाखव मला. फिरोज, माझी नोंद बंद करू नकोस हं! पुढची मोहीम दोन वर्षांनी आहे, तेव्हा मी चोपन्नची असेन. चंद्र काही माझं वय विचारणार नाही."

निवृत्तीने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.