पान रिकामे, पोटही रिकामे

"माझ्या विद्यार्थिनीमुळे एक म्हातारी गेली, बाई. पोरगी खोटं बोलते आहे, एवढं सिद्ध करून द्या."

डॉ. सुनील वासेकर उभ्याउभ्याच बोलले. रुखमाबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवले आणि ते निमूट बसले. पोलीस खाते सोडून बाई आता खाजगी तपास करीत. हुकूम सोडण्याची सवय मात्र सुटली नव्हती. त्यांचे कायमचे सोबती लटारूभाऊ, न्यायालयातले निवृत्त कारकून, कोपऱ्यात चष्मा पुसत ऐकत होते.

प्रकरण मुलचेऱ्याकडच्या एका जंगलगावातले. डॉक्टरकी, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांनी एकाच खाटेभोवती उभे राहून एकमेकांकडून शिकावे, म्हणून वासेकरांनी तिथे शिबिर भरवले होते. साखरेचा आजार असलेली सोमारी तिथे दाखल होती. दुपारी जेवणानंतर नर्सिंगच्या दिव्यानीने तिला इन्सुलिनची सुई दिली. दिवस मावळेपर्यंत म्हातारी गेली. शवविच्छेदनात पोट रिकामे निघाले; उपाशीपोटी ही सुई जीव घेते. दिव्यानी मात्र शपथेवर सांगत होती, की रिकामी पत्रावळ पाहूनच तिने सुई टोचली.

"सोमवारी तिचं नाव कॉलेजातून काढणार आहोत."

"ठरलंच आहे, तर माझ्याकडे काऊन आलात?"

वासेकर खाली पाहू लागले. "तिची आई रोज फाटकाशी येऊन बसते. काही बोलत नाही, बाई."

शिबिरात प्रथम भेटला तो स्वयंपाकी देवराव. "बंगाली वस्तीतून नवा तांदूळ आणून राह्यलो, बाई. म्हातारीलेही हाच वाढला होता. वास तर घ्या!" लटारूभाऊंनी दोनदा भात घेतला. एक पोरगा मात्र बाजूला बसून भाकरी चावत होता.

भावी डॉक्टर प्रिया तडफेने बोलली. "जेवली तरच सुई, असं मी बजावलं होतं. नेहमी सकाळी आम्ही तिघं खाटेपाशी बोलतो, तेव्हाच सांगितलं असतं सगळ्यांना. त्या दिवशी बैठकच झाली नाही, म्हणून एकट्या दिव्यानीला सांगितलं."

"ती जेवताना पाहिलंस?"

"ते नर्सचं काम आहे."

दिव्यानीचे डोळे सुजले होते. "पान साफ होतं, बाई. मी विचारलं, आजी, जेवलीस का? तर ती हसली."

"फक्त हसली?"

"माझ्या गालावरून हात फिरवला न."

भाकरी खाणारा तो पोरगा सुरज, फिजिओथेरपीचा, एटापल्लीकडचा.

"भात काऊन नाई खात?" लटारूभाऊंनी विचारले.

"मले सध्या चालत नाई."

"तुलेही साखर हाये का बे?" लटारूभाऊंनी थट्टा केली. सुरज हसला नाही.

"जेवणानंतर म्हातारीला चालवायला तूच नेत होतास?" बाईंनी विचारले.

"हो."

"सुईचं ठाऊक होतं?"

"औषधाचं मले कोण सांगते? मी पाय चालवतो. मग पाहुणे आले, सगळे बाहेर फोटोले गेलो."

सोमारीच्या खाटेशेजारी खिडकी होती. खाली कोंबड्या माती उकरीत होत्या. भिंतीला वाळलेली शिते चिकटली होती.

"कोंबड्यायले कोणीतरी भात टाकला," लटारूभाऊ म्हणाले.

"हो. कोणीतरी," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पोचू नावाचा गावचा वडीलधारा आला. "लवकर आटपा, बाई. म्हातारीच्या सुतकात आमचा नव्या धानाचा पंडुम राहून गेला. सण थांबला हाये."

बाईंनी सर्वांना रिकाम्या खाटेभोवती उभे केले.

"दिव्यानी खरं बोलली. पान रिकामं होतं, आणि पोटही. कारण भात खिडकीतून गेला. पंडुमात देवाला दाखवल्याशिवाय सोमारीच्या माणसांत नवं धान तोंडात घालत नाहीत. देवरावानं प्रेमानं तिच्या पुढ्यात नेमकं तेच वाढलं. वाढणाऱ्याचं मन कसं मोडायचं, म्हणून तिनं गुपचूप टाकून दिलं."

लटारूभाऊंचा हात नकळत पोटावर गेला.

"याच कारणानं भात टाळणारा आणखी एक जण इथं आहे. जेवण झाल्याझाल्या तिच्यापाशी तोच येत असे. सुरज, तू पाहिलंस."

सुरजने खिडकीकडे बोट दाखवले. "पाहिलं. तिनं ओठावर बोट ठेवलं. आमच्यातलीच आजी होती. सांगितलं असतं, तर हे हसले असते तिले. सुईचं माहीत असतं तर... बाई, मी ओरडत गेलो असतो!"

"सुईचं प्रियाला माहीत, पानाचं दिव्यानीला, भाताचं तुला. ही तिन्ही बोलणी एकत्र यावीत, म्हणून सकाळची बैठक होती. ती कोणी रद्द केली, डॉक्टर?"

वासेकरांनी दाराकडे पाहिले. तिथे फलक अजून लटकत होता: 'एकत्र शिकू, एकत्र सांभाळू'.

"पाहुणे येणार होते, सकाळ तयारीत गेली," ते पुटपुटले. "एका दिवसानं काय होतं, असं वाटलं."

"त्या फलकाखाली तुम्ही हसत उभे होतात, तेव्हा आत म्हातारी घामानं भिजत होती. पाहायला खाटेपाशी कोणीच नव्हतं. सोमवारी दोषी म्हणून नाव द्यायचंच असेल, तर तुमचं द्या."

"देईन," वासेकर म्हणाले. खाटेचा गज त्यांनी घट्ट धरला होता.

दिव्यानीने हळूच विचारले, "मग ती मले फसवत नव्हती?"

"नाही, बाळ. तुझं मन राखत होती."

ती पोर तेव्हा जी रडली, ते लटारूभाऊंना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिले.

सुतक फिटल्यावर पंडुम झाला. पोचूने पहिले पान सोमारीच्या नावाने मांडले. दिव्यानीने भात आणला, सुरजने वाढला, प्रिया पाणी घेऊन उभी राहिली. वासेकर मांडवाबाहेर थांबले. त्यांना कोणी आत बोलावले नाही.

ते पान भरलेले होते. कोंबड्या जवळ आल्या, पण त्यांना कोणीही हाकलले नाही.