चार बोटं वर

मावशीला गाडीत बसवून द्यायला ललिता अकोल्याच्या स्टँडवर आली होती. तेवढ्यात परतवाड्याची बस लागली आणि तिच्यातून किसन उतरला, दोन्ही बगलांत गवताच्या पेंढ्या घेऊन. शेतकी प्रयोगशाळेत दोघांची टेबलं शेजारी-शेजारी. पण आज पेंढ्या सुतळीऐवजी हिरव्या काठाच्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या... ललिताला तेवढंच दिसलं.

“कोनाचं लुगडं फाडलं, किसनराव?”

“मानिकनं देल्ली चिंधी. कुरनवाल्याची पोरगी. लय चपळ हात आहे तिचा, सारं गवत तिनंच कापलं.”

“अन् तुमी?”

“मी पाहून राहिलो होतो.”

“गवताकडे ना?”

तो हसला. ललिता नाही हसली.

त्रेसष्ट साल होतं. दूरदेशीच्या बॉम्बचाचण्यांची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर मातीत उतरत होती. मातीतून गवतात, गवतातून दुधात. परतवाड्याजवळच्या अर्ध्या कुरणात किसननं चुना मिसळला होता. मुळांना चुना भरपूर मिळाला, की त्याचाच भाऊबंद असलेलं, त्या धुळीतलं घातक स्ट्रॉन्शियम ती कमी उचलतात, हे त्याला दाखवायचं होतं. गवत तपासायचं काम ललिताचं.

प्रयोगशाळेत आल्यावर टेबलावर तिनं पेंढी सोडली. गवत कापायचं ते जमिनीपासून चार बोटं वर. माणिकनं मात्र घरच्या वैरणीसारखा, काडीही वाया न घालवता, जमिनीलगत विळा चालवला होता. देठांना चिकटलेली लाल माती धुऊनही सुटेना. तिच्यातलं स्ट्रॉन्शियम आता मोजणीत गवताच्या माथी बसणार.

नमुना नाकारला, तर किसन पुन्हा माणिककडे जाणार. ठेवून घेतला, तर त्याची वर्षभराची मेहनत पाण्यात. ललितानं ती चिंधी उचलली, चुरगळली, पुन्हा खाली ठेवली.

“नाही चालत हे,” शेवटी ती म्हणाली. “नवीन आना.”

“मंग उद्याच जातो.”

“एवढी घाई काहून?”

“गवत वाळून राहिलं, ललिताबाई. अन् तुमी काहून चिडून राहिल्या?”

“तुमी तिचं कौतुक करता, ते मले—” ती अडखळली. “मले नाही आवडत.”

किसनचे कान लाल झाले. बराच वेळ तो देठाची माती नखानं खरवडत राहिला.

“वर्षभर मी तुमच्याशी नुसत्या चुन्याचंच बोललो,” तो हळूच म्हणाला. “बोलायचं दुसरंच होतं... पन सुचेच ना.”

ललितानं कपाटातून विळा काढला आणि धार बोटानं चाचपली.

“उद्या दोन तिकिटं काढा. खिडकी माही. परतवाड्यापर्यंत लय वेळ आहे — सुचंल.”