धवल्यात आलेलं दुसरंच नाव

प्रणितला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात उपटलेली वायर होती... आणि ती त्याची नव्हतीच!

त्याचं झालं असं. उलव्याला एका हळदीचा मांडव होता. भामाकाकी पाटाजवळ बसून धवला गात होती आणि मी तिच्या शेजारी बसून तिच्या सुरात सूर मिसळत होते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. हळद लावण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं, आणि त्या गाण्यात नवरानवरीचं नाव गुंफायचं तेही तिनेच. भामाकाकी आमच्या शेजारच्या घरात राहते. साठी उलटलीय, पण आमच्या नेरे गावाच्या आसपास तिच्या धवल्याशिवाय कोणाची हळद लागली नाही.

आणि त्या दिवशी तिचा एक शब्द ऐकू येत असेल तर शपथ! मांडवाच्या कोपऱ्यात डीजेवाला "चेक, चेक, हॅलो" करत छाती थडथडेल असं काहीतरी वाजवत होता. काकीने दोनदा मान वर करून बघितलं, मग डोळे मिटून तशीच गात राहिली. माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले, बोर्डावरची पहिली दिसली ती पिन उपटली.

मांडवातले सगळे पंखे बंद पडले. गाणं मात्र जोरात चालूच.

"मॅडम..." कर्ण्यांच्या मागून एक कुरळ्या केसांचं डोकं वर आलं. "ती पंख्यांची. माझी ही – निळी."

आणि त्याने वाकून स्वतःच ती निळी वायर काढली.

एकदम शांत झालं. त्या शांततेत भामाकाकीचा आवाज मांडवभर पसरला. तो मुलगा वायर हातात घेऊन गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मी भांडायला आले होते, हे विसरून मीही त्याच्याकडे बघत उभी राहिले.

"हे काय होतं?" त्याने विचारलं.

"धवला."

"आमच्यातही असायचा म्हणे. गाव आमचं इथलंच, पण तिथे आता टॉवर आहेत आणि आम्ही पनवेलला. आमच्याकडच्या लग्नात आता भटजी नि डीजे, बस्स."

"दिसतंय ते."

"रागावलात?"

"नाही, आरती ओवाळायला आलेय!"

"मग आधी पंखे लावू का? नवरदेव वितळतोय..."

मला हसू आलं. हसू आल्याचा रागही आला. त्याच्या शर्टावर 'वसुंधरा साउंड' लिहिलेलं होतं, खाली फोन नंबर. वसुंधरा कोण, हे मी मुळीच विचारणार नव्हते. निघताना विचारलंच.

"आई माझी," तो म्हणाला आणि उगाचच मोठ्ठं हसला.

माझी खारघरला एका ऑफिसात नोकरी आहे. त्याच महिन्यात आमच्याकडे कोणी मोठे ट्रेनर आले होते. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" असं त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं. कोणी मॅनेजर होणार होतं, कोणी कॅनडाला जाणार होतं. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मांडवात!"

सगळे खो-खो हसले. त्यांना वाटलं, हिला लग्नाची घाई झालीय. मला धवलारीण व्हायचंय, हे मी तिथे कसं समजावणार होते? घरी तरी कुठे समजत होतं! आई म्हणायची, "बी.कॉम. करून मांडवात बसून गाणार?" गावातल्या बायका म्हणायच्या, "लगीन न झालेली पोर लोकांची लग्ना लावनार?" एकटी भामाकाकी माझ्या बाजूने. "डॉक्टर काय आदी आजारी पडतंय काय गो?" असं म्हणून ती सगळ्यांची तोंडं बंद करायची.

पण अट तिचीही होती. थंडीत माझी मैत्रीण मनिषा हिचं लग्न होतं. "मनिषेच्या लग्नान सुरुवातीपासून शेवटपरेंत एकटी गा. मी म्होरं बसून नुस्ती आयकीन. जमला तर तू धवलारीन. नाय तर आपली नोकरी बरी हाय." काकीचा घसा आता साथ देत नव्हता. ती थांबली की तिच्यासोबत सगळी गाणी थांबणार होती, आणि ती मला नको होती थांबायला. इतकं साधं होतं माझं स्वप्न.

अडचण एकच – धवले पाठ व्हायला ते रोज कानावर पडायला हवेत, आणि मी दिवसभर खारघरला. मी फोनवर रेकॉर्ड करून बघितलं. त्यात काकी कमी आणि कुकरच्या शिट्ट्या जास्त.

...मग मी 'वसुंधरा साउंड'ला फोन लावला. दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून!

"पंखेवाल्या मॅडम?" त्याने पहिल्याच 'हॅलो'ला ओळखलं.

तो रविवारी नेऱ्याला आला. मोठा माइक, रेकॉर्डिंगची काळी पेटी, आणि काकीसाठी खडीसाखर. खडीसाखर बघून काकी विरघळलीच. पुढचे कितीतरी रविवार तो येत राहिला. काकी ओटीवर बसून गायची, तो कानाला हेडफोन लावून मांडी घालून बसायचा, आणि कोंबडं आरवलं की हात वर करून म्हणायचा, "काकी, पुन्हा एकदा... कोंबडा बेसूर होता." रात्री साफ केलेली गाणी माझ्या फोनवर यायची. सकाळी खारघरच्या बसमध्ये मी ती ऐकत ओठ हलवायचे, आणि शेजारच्या बाईला वाटायचं, पोरगी जपच करतेय.

मग मी गायला लागले आणि तो ऐकायला.

"थांब थांब," एकदा तो म्हणाला. आम्ही 'अहो-जाहो'वरून कधी घसरलो ते कळलंच नव्हतं. "नवऱ्याच्या नावाशी अडखळतेस तू. तिथे नुसतं 'अं अं' करतेस."

"सरावाला कुठून आणू नवरा?"

"माझं नाव लाव. तात्पुरतं!"

"तात्पुरतं?"

"सरावापुरतं... म्हणजे... चालीत बसतं म्हणून." कान लाल झाले होते त्याचे.

बसत होतं चालीत, खरंच. मी गायले –

*मांडवाचे दारी आंब्याचा टाला,*
*प्रणित बाला नवरा झाला...*

"आणि नवरीचं नाव?" त्याने पेटीवरची बटणं फिरवत विचारलं.

"अमुकतमुक."

"बिचारा प्रणित! अमुकतमुकशी लग्न होतंय त्याचं."

"मिळतेय ते नशीब समज," मी म्हटलं. आत काकी खाकरली. मी पुढचं गाणं जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

मनिषाचं लग्न नेऱ्यालाच, तिच्या घरासमोरच्या शेतात होतं, आणि दोघांची हळदही त्याच मांडवात. कडेला वालाच्या शेंगा लगडलेल्या, मांडवाला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, आणि ओल्या हळदीचा वास नाकात भरलेला. नवरा हृतिक, खारघरच्या बाजूचा. साउंड कोणाचं, ते सांगायला नकोच. हृतिकची आत्या मला बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही पोरगी गानार? त्यापक्षी डीजेच लावा ना सकालपासून!"

मी पाटाजवळ जाऊन बसले. काकी समोर बसली होती, ओठ घट्ट मिटून. कोपऱ्यातून प्रणितने माझ्याकडे बघितलं, आणि ती निळी वायर उंच धरून मला दाखवली. काढून ठेवली होती त्याने.

मी डोळे मिटले आणि गायला लागले. पहिली गाणी अशी आली की मलाच माझा आवाज नवा वाटला. मागच्या म्हाताऱ्या बायका ओळी झेलायला लागल्या. मनिषा हळदीने माखलेली, माझ्याकडे बघून डोळे पुसत हसत होती. मग आलं ते नावाचं गाणं... मी सूर वर नेला, आणि पुऱ्या गळ्याने –

*मांडवाचे दारी आंब्याचा टाला,*
*प्रणित बाला नवरा झाला!*

मनिषाचा हात हळदीच्या वाटीत तसाच राहिला. हृतिकने मागे वळून बघितलं, जणू दुसरा कोणी नवरा येऊन उभा राहिलाय.

"बगा! मी काय सांगत होतू!" आत्या म्हणाली.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. काकीकडे बघितलं. ती एक शब्द बोलली असती तर मी तिथून उठून पळाले असते. पण तिची बोटं मांडीवर ताल देत राहिली... थांबली नव्हती ती. मग मी का थांबू? मी श्वास घेतला आणि त्याच चालीत पुढची ओळ टाकली –

*हृतिक बाला पयला गेला,*
*प्रणित बाला मागं ऱ्हायला!*

मग मागच्या एका म्हातारीने "मागं ऱ्हायला गो, मागं ऱ्हायला!" अशी ओळ झेलली, आणि सगळा मांडव हसत हसत गायला लागला. हृतिक तर उभा राहून कोपऱ्याकडे बोट दाखवून नाचायलाच लागला. आणि कोपऱ्यातला तो... कर्ण्याच्या मागे दिसेनासा झाला होता. फक्त कुरळे केस दिसत होते.

नवरी निघेपर्यंत मी एकटी गायले. शेवटच्या गाण्याला आत्याच सगळ्यात जास्त रडली. वऱ्हाडाबरोबर निघताना तिनेच माझ्या ओटीत धवलारणीचा नारळ, तांदूळ आणि लुगडं घातलं. "चैताच्या म्हयन्यान माजे पोरीचा लगीन हाय," ती नाक ओढत म्हणाली. "तुलाच यायला लागंल. पन नवऱ्याचा नाव आदी पाठ कर गो!"

मी ओटी पोटाशी धरून काकीकडे आले. तिने माझा गालगुच्चा घेतला आणि तोच हात आपल्या ओठांना लावला. मला रडू फुटलं. झाले होते मी धवलारीण!

मांडव रिकामा होत आला तेव्हा प्रणित वायरी गुंडाळत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले. बराच वेळ तो एकच वायर गुंडाळत होता.

"ते नाव..." तो म्हणाला, "चुकून आलं?"

"चुकून."

"अजिबात मनात नसताना?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

त्याने वर बघितलं. गालाला कोणीतरी हळद फासली होती त्याच्या, आणि त्याला पत्ताच नव्हता. मला तो इतका आवडला, इतका आवडला, की लपवण्यात काही अर्थच उरला नाही.

"मनस्वी, मला तू आवडतेस. त्या पंख्यांच्या दिवसापासून. आता नवऱ्याचं नाव तर सगळ्या मांडवाने ऐकलंय." त्याचा आवाज एवढासा झाला. "नवरीचं अजून... अमुकतमुकच आहे का?"

"पण मोठी अडचण आहे," मी पदराशी चाळा करत म्हटलं. "धवलारणीला स्वतःच्या लग्नात गाता येत नाही. मग गाणार कोण?"

"मंजे? मी मेलू काय गो?" मागून आवाज आला. भामाकाकी खुर्चीत बसून मजेत खडीसाखर चघळत होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे! "तवर घसा राखून ठेवतंय मी. फकस्त त्या पोराला सांग, त्या दिशी तुजा गान्याचा डबा बंद ठेव."

प्रणितने ती निळी वायर गुंडाळली आणि माझ्या ओटीत, नारळाशेजारी ठेवून दिली.

"काकी," तो म्हणाला, "तुमच्या धवलारणीकडेच ठेवतो."