एकवीस फेरे

माघात एका उतरत्या दुपारी मी गाडी घेऊन लटारू मिस्त्रीकडे गेलो. काम साधं होतं. गाडीच्या पुढच्या पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांना, त्याने बसवलेले दोन स्क्रू काढून घ्यायचे आणि पाटे पूर्वीसारखे घट्ट करून आणायचे. निदान घरून निघताना मी स्वतःला तसंच सांगितलं होतं.

आधी गाडीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. १९३१ सालची शेवरलेट, माझ्या सासऱ्यांची. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या वर्षी त्यांनी ती आपल्या एकुलत्या मुलीला देऊन टाकली. ती मुलगी म्हणजे मनकर्णा, माझी बायको. मी आरमोरीपासून सहा कोस आत, जंगलातल्या एका गावी शाळेचा हेडमास्तर. गावात दुसरी मोटार नव्हती आणि मोटारीजोगा रस्ताही नव्हता. बैलगाडीच्या चाकोऱ्या, सागाची तोडलेली खुंटं, मध्ये एक नाला.

मनकर्णाचा डावा पाय जन्मापासून आखूड. गाडीची पायरी तिला उंच पडे. माझ्या खांद्यावर हात ठेवून, ओठ दाबून ती चढायची. गाडीचं पुढचं अंग खाली घ्यावं तर वाटेतली खुंटं पोटाला लागत, वर ठेवावं तर तिला चढवत नसे. आमचं असं दोन वर्षं चाललं होतं.

लटारू तिच्या वडिलांच्या गाडीवर मिस्त्री होता. मालगुजारी सुटल्यावर तो आमच्या गावच्या आरागिरणीत कामाला आला. आरागिरणी तर आरमोरीलाही होती, वडशालाही होती. तो आमच्याच गावी का आला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. एकदा आमच्या दारात उभा राहून त्याने तिला चढताना पाहिलं आणि म्हणाला, "मनाबाई, तुमी काऊन तरास घेता? गाडीलेच वाकवू ना."

"गाडी का बैल आहे वाकायले?" ती हसली.

"बैलापेक्षा शहाणी करतो."

आरागिरणीत लाकूड दाबायचा एक जुना शिकंजा मोडून पडला होता. त्याचे मनगटाएवढे जाड दोन स्क्रू त्याने काढले. गाडीचे पुढचे पाटे मागच्या टोकाला जिथे सांगाड्याला टांगलेले असतात, तिथे त्याने प्रत्येकी एक स्क्रू उभा बसवला. स्क्रू एका बाजूला फिरवला की पाट्याचं टोक खाली ढकललं जाई आणि गाडीचं तेवढं अंग वर उचललं जाई. उलटा फिरवला की खाली. एकवीस फेऱ्यांत चार बोटं फरक पडायचा. स्क्रूच्या आट्यांना तो मोहाच्या बियांचं तेल लावी. त्याचा कडवट, जड वास गाडीला कायमचा लागला. स्क्रूच्या चौकोनी डोक्याला बसेल असा पाना बाजारात नव्हता. तो त्याने लोहाराच्या भात्यावर स्वतः ठोकून केला. एकच.

"मनाबाई बसायच्या वक्ती डावी बाजू एकवीस फेरे खाली," त्याने मला शिकवलं. "त्या बसल्या का एकवीस फेरे वर. खाली असताना गाडी हाकलू नका, मास्तर. डावीकडं वढते, अन् पोट घासते."

पहिल्या दिवशी मनकर्णा कुणाचाही हात न धरता गाडीत चढली. आत बसून तिने टाळी वाजवली. मी बाहेर उभा होतो. माझा खांदा त्या दिवसापासून तिला लागला नाही. इतकी लहान गोष्ट मनात किती दिवस राहू शकते, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ती दिवसातून दोनदा तरी त्याचं नाव घेई. लटारूने असं केलं, लटारू तसं म्हणत होता, आमच्याकडे लटारू होता तेव्हा. तिच्या लहानपणातल्या कितीतरी गोष्टी त्याला ठाऊक होत्या आणि मला त्या ऐकीव होत्या.

१९५४ चा दसरा. आदल्या संध्याकाळी मी तिला देवळातून आणलं, ती उतरावी म्हणून डावी बाजू खाली घेतली, आणि तेवढ्यात लटारू आला. आमच्याकडे दसऱ्याला कारागीर आपली हत्यारं मांडून पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. तो म्हणाला, "हा पाना माह्या हातचा आहे. उद्या पूजेत मांडू द्या." मनकर्णाने पाना दिला, वर एक हिरवा खणही दिला, खाली अंथरायला. गाडी तशीच डावीकडे वाकलेली राहिली.

दसऱ्याच्या दुपारी तिच्या पोटात कळ उठली. तासाभरात तिला बोलवेना. डॉक्टर आरमोरीला. मी तिला उचलून गाडीत बसवलं आणि पाना आणायला धावलो. लटारूचं घर शंभर पावलांवर, तळ्याच्या बाजूला.

मी कुंपणापर्यंत गेलो. फाटकातून पडवी दिसत होती. हातोडे, पक्कडी, करवती मांडल्या होत्या. मधोमध तो पाना, मनकर्णाच्या हिरव्या खणावर. तिच्या चोळीचा खण. त्यावर झेंडूची फुलं, कुंकू. लटारू पाठमोरा बसून उदबत्ती लावत होता. मी त्याला हाक मारली नाही.

मी परत आलो. ती म्हणाली, "भेटला पाना?"

"पूजेतला पाना उचलत नाही म्हणाला लटारू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "लटारू असा नाई म्हणणार..." एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले.

मी गाडी तशीच हाकली. ती डावीकडे ओढत होती. नाल्यात गोटा लागला, पोटातली तेलाची टाकी फुटली आणि गाडी तिथेच बसली. बैलगाडी मिळेस्तोवर ऊन उतरलं. दिवे लागायच्या वेळेला, आरमोरी दोन कोसांवर असताना, ती गेली.

गाडी दुरुस्त करून परगावच्या माणसाने आणून आमच्या गोठ्यात, तिच्या नेहमीच्या जागी, लावली. डावी बाजू तशीच खाली होती. ती मला बघवेना. एका रविवारी सायकलवाल्याची मोठी पक्कड आणून, दोन तास झटून मी ती एकवीस फेरे वर चढवली. पक्कडीने स्क्रूचं डोकं सोलून निघालं. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी गोठ्यातून आवाज आला. कोरड्या लोखंडाचा नव्हे, तेल लावलेल्या लोखंडाचा. चर्रर्र... थांबणं... चर्रर्र... हात बदलून पाना पुन्हा लावावा तसा. मी कंदील घेऊन गेलो. कुणी नव्हतं. गाडी डावीकडे वाकली होती आणि मोहाच्या तेलाचा वास ताजा होता.

मला भीती वाटली नाही. मला राग आला. पाना कुणाकडे होता, मला माहीत होतं. तो माझ्या गोठ्यात चोरपावलांनी येतो, तिच्यासाठी गाडी वाकवतो, तिथे उभा राहून तिची आठवण काढतो. बायको माझी गेली होती. दुःख करायचा हक्क माझा होता. मी गोठ्याला कुलूप घातलं. चार दिवसांनी कुलूप जसंच्या तसं आणि गाडी वाकलेली. मला वाटलं, किल्लीही करून घेतली याने, कारागीरच तो. मी पुन्हा वर चढवायचो, ती पुन्हा खाली जायची. पौष सगळा असा गेला. म्हणून मग माघात ती दुपार.

डावी बाजू मी सकाळीच वर चढवली होती. गाडी लटारूच्या अंगणात उभी केली. त्याची बायको शकुबाई तांदूळ निवडत होती.

"या मास्तर. शंभर पावलांवर घर, अन् मोटार घेऊन आले?" ती म्हणाली. "का पायानं आले तं आमची धूळ लागते?"

"काम गाडीचंच आहे, शकुबाई."

"मंग चाहा ठेवतो. नाई म्हणू नका. पयल्यांदाच उंबऱ्यात आले तुमी."

लटारू मागच्या बाजूने आला. अंगाला धानाचं भूस लागलेलं. वाळला होता. मी सांगितलं, "स्क्रू काढून टाक."

"मी मिस्त्रीकाम सोडलं, मास्तर. दुसऱ्याच्या वावरात धान झोडपून राह्यलो."

"रोज संध्याकाळी मात्र जमतं ते काम," मी म्हणालो. आवाज शांत ठेवला होता. "माझ्या गोठ्यात."

तो बघत राहिला. "कोणतं काम?"

"डावी बाजू खाली करायचं. पाना तुझ्याकडे आहे ना?"

तो पडवीकडे वळला. मी त्याच्यामागे गेलो.

पूजा तशीच होती. दसऱ्याची. झेंडू वाळून काळा पडला होता, आपट्याची पानं कागदासारखी झाली होती, कुंकवावर धूळ होती. हातोड्यापासून पान्यापर्यंत आणि पान्यापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळं अखंड होतं. खणाचा हिरवा रंग मात्र उडाला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उचलाची होती," लटारू म्हणाला. "सकाळी मनाबाईले अग्नी द्यायले गेलो. मंग हात नाई लागला."

मी जाळ्याकडे बघत उभा होतो. सांगतो ते खरं सांगतो. पहिल्यांदा मला आनंद झाला. तो येत नव्हता. म्हणजे तीच येत होती. माझ्या घरी, माझ्या गोठ्यात.

बाहेर ऊन तळ्यापलीकडे उतरलं होतं. शकुबाईने चिमणी लावली आणि चहाचे कप आणले.

"एक विचारू, मास्तर?" लटारू म्हणाला. "त्या दिशी पाना मांगायले काऊन नाई आले?"

"पूजेत होता... उचलत नाहीत."

"मी उचलला असता." त्याचा आवाज चढला नाही. "मनाबाईसाठी देवाच्या हातातून काढून आणला असता. तुमी निस्ती हाक द्यायची होती. मी इथीच बसलो होतो..."

अंगणात चर्रर्र झालं.

कुणी हललं नाही. दारातून गाडीचा पुढचा भाग दिसत होता, डावा दिवा आमच्याकडे. चर्रर्र... थांबणं... चर्रर्र... तो दिवा हळूहळू खाली येत होता, मान खाली घालावी तसा. मी मनात मोजत होतो. लटारूचेही ओठ हलत होते. एकवीसला आवाज थांबला.

"कोण आहे जी?" शकुबाई पुटपुटली.

लटारू वळला. तो दारापर्यंत गेला, उंबऱ्याच्या आत थांबला, आणि लहानपणापासून ओळख असलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

"मनाबाई, मी नाई म्हटलं नव्हतं जी. मले कोणी विचारलंच नाई."

त्याला हे कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या खोट्याबद्दल मी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता.

चिमणी भुरभुरत होती. मग त्याने जाळं हाताने बाजूला केलं, पाना खणासकट उचलला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच चढवा. अन् हा तुमच्याचपाशी ठेवा."

मी चढवली. एकवीस फेरे. प्रत्येक फेरा हलका होता. रिकाम्या गाडीचा. तिथेच मला कळलं की गाडी तिला चढता यावं म्हणून वाकली नव्हती, इथे उतरता यावं म्हणून वाकली होती.

त्यानंतर माझ्या गोठ्यात काही झालं नाही. फाल्गुन गेला, चैत्र गेला. दिवे लागायच्या वेळी मी गोठ्यात बाज टाकून बसायचो. गाडी ताठ उभी असायची. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. आता माझ्याकडे येण्याचं कारण उरलं नव्हतं. शाळेतून येताना मी मुद्दाम तळ्याकडून यायचो. लटारू पडवीत एकटाच बसलेला असे, आणि एकटा बसलेला माणूस बसतो तसा तो बसलेला नसे. मी मान खाली घालून पुढे जायचो. मेलेल्या बायकोवर पाळत ठेवणारा माणूस कसा दिसत असेल, याचा विचार मी केला नाही.

भाद्रपदात लटारू तापाने गेला. चार दिवसांत आटोपलं. मी खांदा दिला.

तिसऱ्या संध्याकाळी गोठ्यातून आवाज आला. मी धावत गेलो. धावताना माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. डावी बाजू हलली नव्हती. उजवी खाली गेली होती. उजवी बाजू आजवर कधी कुणी खाली घेतली नव्हती. ती गाडी चालवणाऱ्याची बाजू. सुकाणूच्या चाकावर दोन ठिकाणी तेल लागलं होतं, दोन हात धरतात तिथे. पाना माझ्या पेटीत, खणात गुंडाळलेला, आणि पेटीची किल्ली माझ्या गळ्यात.

ते तेल मी पुसून काढलं. उजवी बाजू चढवली. आणि त्या दिवसापासून दिवे लागायच्या वेळी मी स्वतः सुकाणूवर जाऊन बसतो. पेटीला कुलूप लावतो, गाडीचं दार आतून लावून घेतो, दोन्ही हात चाकावर ठेवतो. गाडी माझी आहे. तिला आरमोरीला न्यायचं राहिलं आहे, आणि नेणार तर मी नेणार.

काल मी असाच बसलो होतो. डावी बाजू खाली जाऊ लागली. मी मोजलं. एकवीस. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि पायरी तिच्या पायाजोगी खाली आली होती. मी समोर बघत म्हणालो, "बस. या वेळी पाना आहे माझ्याजवळ."

थोडा वेळ गेला. आत डोकावून कुणी बघावं आणि सुकाणूवर कोण आहे ते ओळखावं, एवढाच वेळ.

मग चर्रर्र झालं. डावी बाजू वर चढू लागली. भराभर, मध्ये न थांबता, एकवीस फेरे, शेजारची जागा रिकामी ठेवूनच.

मी घरात येऊन पेटी उघडली. खणाची गाठ तशीच होती. आतला पाना कोमट होता. कुणीतरी तो बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखा.