फडक्याची गाठ

कोकणात सिरका, म्हणजे घरचं व्हिनेगर, जांभळाचा. बहरीनमध्ये जांभळं आणणार कुठून? मग दुधाची तहान ताकावर म्हणत शरीफुन्निसाने घराजवळच्या, गुदैबिया भागातल्या भाजीवाल्याकडची सफरचंदं घरी आणली आणि दापोलीकडच्या आपल्या आईचे जांभळाचे सगळे नियम बिनदिक्कत सफरचंदाला लावून टाकले.

मार लागलेला भाग काढायचा, फोडी लाकडी मुसळीने चेचायच्या, लोखंडाचा स्पर्श नको. वर साखरेचं पाणी आणि गेल्या वर्षीच्या सिरक्याचं वाटीभर विरजण. चिनी मातीच्या बरणीला मलमलचं फडकं बांधलं की काही दिवसांत आतला रस फसफसू लागे. शरीफुन्निसा म्हणायची, "बरणी बोलायला लागली." त्या मधल्या दिवसांत ती ना रस असते ना सिरका. नशेची चीज ती, हराम. बोट बुडवून चाखायचीसुद्धा नाही. रोज भर दुपारी फडकं सोडून लाकडी डावाने ढवळायचं, डाव काठावर दोनदा टकटक आपटायचा आणि पुन्हा बांधायचं. हळूहळू बुडबुडे निवतात, वर जाड साय धरते, वास नाकाला झोंबतो. मग तो झाला हलाल सिरका.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्या हाताने बांधलं, त्याच हाताने सोडायचं. त्या हाताचं माणूस मध्येच गेलं, तर घरातल्या कुणीतरी बरणीला जागेवरून हलवायच्या आत फडक्याशी तोंड नेऊन सांगायचं: तुला बांधणारी अल्लाकडे गेली, आता हात माझे. नाही सांगितलं तर बरणी मधल्या दिवसांतच अडकून पडते.

तिचा नवरा गनी या नियमाला खूप हसायचा. गोदामात कारकुनी करण्यात उभी हयात गेलेली. असल्या गोष्टी त्याच्या पचनी पडत नसत. "बरणीला कान हायत तर तिला जेवायलापण वाढ की," तो म्हणायचा. शरीफुन्निसा डाव्या हाताने उलटी गाठ मारून टोक आत खोचायची आणि त्याच्याकडे लक्षच द्यायची नाही.

यंदा बरणी बोलत होती तेव्हाच ती गेली. ओट्यापाशी उभी होती आणि उभीच्या उभी कोसळली. मनामाच्या कब्रस्तानात तिला माती दिली, येणारे-जाणारे येऊन गेले, आणि एका दुपारी गनी घरात एकटा उरला. बायकोचा शब्द एकदा तरी पाळावा म्हणून तो बरणीला सांगायला उठला. तेवढ्यात आतून आवाज आला.

टक... टक.

तो दारापर्यंत गेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बरणीचं फडकं ओलं होतं. गाठ उलटी, टोक आत खोचलेलं. ती गाठ जन्मात गनीला कधी जमली नव्हती.

भिण्याऐवजी त्याला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याने फडक्याशी वाकून सांगितलं, पण जे सांगायचं ते नाही. "शरीफा गावी गेलीय," तो म्हणाला. "येईल."

त्यानंतर रोज दुपारी गनी हॉलमध्ये स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचा. बाहेर रस्ता उन्हाने ओस पडलेला असे, खिडकीतला एसी घरघरत असे, आणि त्या घरघरीखालून फडकं सुटल्याची सरसर, मग डावाचा आवाज. तो वळून बघत नसे. बघितलं तर जाईल, असं त्याला वाटायचं. आयुष्यभर तिच्या हातचं खाल्लं, पण ती काम करताना कधी असं बसून ऐकलं नव्हतं. तो सुखात होता, आणि त्या सुखाची त्याला लाजही वाटत होती.

पण चाळिसावा उलटला तरी बरणी निवेना. साय धरेना. घरभर तो गोड, जड, डोक्यात चढणारा वास साचला. उशीला, कपड्यांना, पिण्याच्या पाण्यालाही. ढवळणं लांबत चाललं. कधी कधी डाव मध्येच थांबायचा. आणि एका दुपारी, अगदी दमलेल्या माणसाने स्वतःशीच बोलावं तसं, आतून ऐकू आलं.

"का होत नाय... काय चुकलं माझं..."

चूक तिची नव्हतीच. बरणी अडकली होती आणि बरणीपायी तीही. रोज येऊन राबत होती, आणि का जमत नाही हे तिला कुणी सांगत नव्हतं. सांगणारा पाठ करून बसला होता. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. रोज ठरवलं.

शेवटी फ्लॅट सोडायचा दिवस आला. मुलगी अल्फिया आणि जावई अर्शद त्याला पुलापलीकडे बुसैतीनला आपल्या घरी न्यायला आले. सामान खाली गेलं.

"अब्बा, बरणी मी घेऊ?" अल्फियाने विचारलं.

"हात लावू नको. तू गाडीत बस, मी आणतो."

तो ओट्यापाशी वाकला. फडक्याखाली बारीक फसफस चालली होती. "शरीफा..." एवढंच म्हणाला आणि पुढचा शब्द फुटेना. खालून अर्शदने हॉर्न वाजवला. "चल," गनी बरणीला म्हणाला, "आपण अल्फियाकडे चाललो." बरणी उचलली. ओट्यावर तिच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला. पूल ओलांडेपर्यंत त्याने ती मांडीवर धरली होती.

बुसैतीनला दुपार झाली. काही वाजलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. मग मात्र गनीने बरणीशी बसून ते शब्द म्हटले, एकेक करून, रडत. "तुला बांधणारी अल्लाकडे गेली. आता हात माझे." त्याने स्वतः फडकं सोडलं, ढवळलं आणि आपली साधी ढोबळ गाठ मारली. दोन-चार दिवसांत बुडबुडे निवले. साय धरली. फडक्याशी नाक नेलं की पाणी येई डोळ्यांत. अल्फियाने चमचाभर चाखला आणि तोंडावर हात धरला.

"अम्मीसारखाच झालाय, अब्बा."

सुटली बिचारी, असं म्हणून गनीने दुवा मागितली. त्या रात्री त्याला झोपही लागली.

महिनाअखेरीला अर्शद जेवणाच्या सुट्टीत गुदैबियाला फ्लॅट एकदा बघून मालकाला चावी द्यायला गेला. भर दुपारी त्याचा फोन आला.

"अब्बा, किचनमध्ये तुमचं काय राहिलंय का?"

"नाय. का रे?"

"ओट्यावर फडकं हाय. ओलं." अर्शदचा आवाज खाली आला. "बरणी होती ना, त्या डागावर. बांधलेलं हाय, अब्बा. गोल. आत काही नाय... पण खाली बसत नाय ते."

गनीला सगळं कळलं. बरणीला सांगितलं खरं, पण जागेवरून हलवल्यावर. शरीफाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रोज दुपारी तिथे येत होती, रिकाम्या ओट्यापाशी.

"अब्बा... कोणतरी ठोकतंय इथं..."

फोनमधून गनीलाही ऐकू आलं. टक... टक. लाकडी डाव तर इथे, त्याच्यासमोर खुंटीला टांगलेला होता, कोरडा ठणठणीत.

"अर्शद, भिऊ नको. फोन त्या फडक्यापाशी धर. आणि तू दाराकडे तोंड कर."

फसफस नाही, श्वास नाही, नुसती घरातली पोकळ शांतता आली. गनीने डोळे मिटले.

"शरीफा, मी खोटं बोललो. तू गावी नाय गेलीस. तू गेलीस, शरीफा. ओट्यापाशी पडलीस ती... तुझं काही चुकलं नाय. सिरका झाला. चांगला झाला. आता हात लावू नको."

टकटक थांबली. काम करणारं माणूस हात थांबवून ऐकतं, तशी.

मग अर्शद कुजबुजला, "अब्बा... गाठ सुटली. फडकं बसलं खाली."

"बस," गनी म्हणाला. "दार ओढून घे आणि निघ. खलास."

त्याने फोन ठेवला. उरलेला सिरका बाटलीत भरावा म्हणून तो बरणीपाशी गेला, आणि फडक्याकडे गेलेला हात तसाच राहिला.

मलमल ओली होती. गाठ उलटी, टोक आत खोचलेलं.

तिने त्याचं बोलणं ऐकलं होतं, की नुसता आवाज ऐकून पत्ता शोधला होता? गनीने वाकून फडक्याला कान लावला. कुणीतरी ढवळल्यासारखी आतली साय मोडून तळाशी गेली असावी. बरणी पुन्हा बोलत होती.