चार नंबरची पट्टी

मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी साउंडवाला ठरवायचा होता. मी मोतीराममामांकडे फक्त नंबर मागायला गेले होते. हे माझे मामेसासरे. अंजनगाव सुर्जीच्या जयंती मंडळात त्यांचं आयुष्य गेलं, आता अमरावतीला आमच्याच गल्लीत राहतात. वर्षाच्या पोरीला साउंड कशाला, असं मलाही वाटत होतं. पण कार्यक्रम मोठा केला की काळजी लहान होते, अशी माझी एक भाबडी समजूत आहे.

रात्रीचे साडेनऊ. लाईन गेलेली, म्हणून सगळे गच्चीवर. पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली, शेजारी नणंद माया.

"अकोल्याचा अनुप हाय," मामा म्हणाले. "काम चोख. पण पयले नागसेनचं आयकून घे."

"मामा, गोष्ट भुताची असेल तर नको."

"वहिनी, तुमी तं एमएस्सी ना?" माया हसली.

"म्हणूनच."

मामांनी ऐकलं नाही.

नागसेन त्यांच्या मंडळातला. साउंड आणि स्टेज ठरवायचं काम त्याचं. २०२२च्या जयंतीला तो स्टेजपाशी उभा होता आणि घरी त्याची सहा वर्षांची पायल तापानं फणफणली होती. बायकोनं अकरा फोन लावले. फोन खिशात, गाडीची किल्लीही त्याच खिशात. साउंडच्या बॉक्सनं छाती अशी हादरत होती की फोनची थरथर त्याला कळलीच नाही. सकाळपर्यंत पायल राहिली नाही.

दोन वर्षं तो मंडपाकडे फिरकला नाही. मग लोकांनी फारच गळ घातली तेव्हा म्हणाला, साउंड मी सांगतो, पण माझ्या अटीवर. गावातला नको. मग अकोल्याच्या अनुपला फोन लावला.

"आवाज असा पायजे, का खिशातला फोन आयकू आला पायजे."

"काका, लोक तं वाढवा म्हणतात," अनुप म्हणाला.

"तू मोजून लाव."

अनुपनं कबूल केलं.

१३ एप्रिल २०२४, शनिवार. रात्रीचे पावणेबारा. स्टेज उभं झालं होतं, माणसं जेवायला गेली होती. उरले दोघंच. अनुप समोर मिक्सरवर, नागसेन स्टेजवर माईकपाशी. मिक्सरच्या प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या टेपची पट्टी, तिच्यावर पेनानं लिहिलेलं: गायक, कोरस, ढोलकी. तीन माईक, तीन पट्ट्या.

"एक नंबर."

"हॅलो."

"दोन नंबर."

"हॅलो."

"तीन नंबर."

"हॅलो."

अनुपच्या तोंडाला सवय. त्याच्या कार्यक्रमांना नेहमी चार माईक असतात.

"चार नंबर," तो बोलून गेला.

बॉक्स खरखरला.

"बाबा..."

नागसेन हलला नाही.

"बाबा, फोन उचल ना."

त्यानं खिशातून फोन काढला. स्क्रीन काळी. कानाला लावला. हॅलो, हॅलो. मग एक नंबरच्या माईकमध्ये बोलला. "पायल... मी हावो इथं. बोल."

"बाबा, फोन उचल ना."

अनुपनं सगळी बटणं खाली ओढली. आवाज तेवढाच. वायरी उपटल्या. तेवढाच. जनरेटर बंद केला. अंधार...

"बाबा, फोन उचल ना."

अकरा वेळा. अनुपनं मोजलं. त्याला त्या अकरा फोनांचं काहीच माहीत नव्हतं.

"मंग?" मायाचा आवाज बारीक झाला होता.

"मंग काय... तिचं याले आयकू आलं. याचं तिले गेलं का नाई, कोन सांगन?"

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. पुन्हा लावला. माझा फोन खाली होता, पोरगी उठू नये म्हणून मीच मुका केलेला.

"सकाळी अनुप मिक्सरच्या वायरी पुन्हा जोडाले गेला," मामा म्हणाले. "चार पट्ट्या. चौथीवर पेनानं लिवलेलं, पायल. प उलटा."

"उलटा?"

"तिले शाळेत तेच सुदरवाले सांगून राहिले होते. पोरगी प उलटाच काढे."

ती पट्टी नागसेननं फोनच्या पाठीला चिकटवली आहे. फोन तो आता खिशात ठेवत नाही. मागच्या महिन्यात मामांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

शाई ओली होती.